रोजच्या जगण्याची चित्रवही: पान सुबक होतं, पण धरून ठेवत नाही

रेघोटी

नमस्कार मंडळी. रोजच्या साध्या गोष्टींची चित्रवही ठेवणाऱ्यांना विचारायचं आहे.

चांगल्या चित्रकाराची अशी वही हातात आली की विषय अगदी साधे दिसतात. दोरीवर वाळणारे कपडे, दाराशी काढलेल्या चपला, अर्धवट उघडा ड्रॉवर, बाजूला दोन-चार ओळी. रेखाटन कित्येकदा घाईचं, एखादी रेघ सरळसरळ चुकलेली. तरी पान उलटावंसं वाटत नाही. माझ्या पानांवर वस्तू बरोबर उतरतात, प्रमाण चुकत नाही, रंग स्वच्छ लागतात, आणि सगळं मिळून सामानाची यादी दिसते. हा गोडवा नेमका येतो कुठून? विषयातून, शब्दांतून, की मांडणीतून?

साहित्य असं: ए५ आकाराची शिवलेली वही, १६० जीएसएम (दर चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा) कागद, ०.५ चं काळं जेलपेन, १२ पॅनची (रंगाच्या सुक्या वड्यांची) जलरंगपेटी, वॉटरब्रश (दांड्यातच पाणी भरायचा ब्रश). वेळ रोज साधारण वीस मिनिटं. अडचणी अशा: रंग लावताना काही रेघा विरघळून राखाडी होतात, काही होत नाहीत. वाळल्यावर पानाला लाटा येतात. आणि माझं अक्षर चित्राशेजारी कायम उपरं वाटतं.

बोरू

वस्तू "बरोबर" उतरतात, हे तुम्हीच लिहिलंय, आणि खरी अडचण तिथेच आहे. चित्रवहीतली वस्तू बरोबर असण्यापेक्षा कुणाची तरी असावी लागते, वापरलेली असावी लागते, त्या दिवशीची असावी लागते.

चपलांचाच जोड घ्या. आकार, पट्टे आणि सावली काढली की ती कुठलीही चप्पल झाली. आता टाच जवळून बघा. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त झिजलेली असते, त्यातही बहुधा एका पायाची अधिक. अंगठ्याखाली काळपट, किंचित खोलगट लंबगोल उमटलेला असतो. एखादा पट्टा वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवून घेतलेला असतो. या खुणा आधी काढा, बाह्यरेषा नंतर. हा क्रम पाळाच, कारण बाह्यरेषा पुरी झाली की हाताला काम संपल्यासारखं वाटतं आणि झीज चार ठिपक्यांत उरकली जाते. आधी झीज काढली की उरलेली चप्पल तिच्याभोवती आपोआप बेताची होते. मग पट्टा अर्धवट सोडून दिला तरी चालतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. बहुतेक पानं इथेच पडतात. चित्रात जे दिसतंय तेच खाली लिहिलं की दोन्ही फुकट जातात. छत्रीच्या चित्राखाली "आज पाऊस, छत्री वाळत टाकली" लिहून काहीच वाढलं नाही. दारात उघडी छत्री काढा आणि बाजूला लिहा: "उघडी ठेवली तर दार लागत नाही. मिटली तर वाळत नाही. दार उघडं." आता वाचणारा चित्राकडून शब्दांकडे आणि परत चित्राकडे जातो, दार किती उघडंय ते बघतो. तुम्ही ज्याला गोडवा म्हणता तो या येण्याजाण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

चित्राला जे जमत नाही ते शब्दांना द्या: आवाज, वास, वेळ, कुणी उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं, नुकतं काय घडून गेलं. आकार, जागा आणि अवस्था चित्राकडे राहू द्या. घाई असेल तेव्हा रंगही शब्दांकडे सोपवता येतो. चित्रकार व्हॅन गॉगनं ऑक्टोबर १८८८ मध्ये भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात फ्रान्सच्या आर्ल गावातल्या आपल्या झोपायच्या खोलीचं छोटंसं रेखाटन आहे, बिनरंगी. रंग त्यानं लिहून कळवले: भिंती फिकट जांभळ्या, जमीन लाल फरशांची, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या. खोलीत पलंग, खुर्च्या, टेबल आणि भिंतीवर टांगलेल्या काही गोष्टी, एवढाच ऐवज. पण ते पत्र वाचताना खोली रंगत जाते.

लिहिताना "छान", "सुंदर", "मस्त" ही विशेषणं गाळा, क्रियापदं ठेवा. ए५ पानाला तीस ते साठ शब्द पुष्कळ झाले. त्याहून जास्त लिहिलं की चित्र सजावट होऊन बसतं. आणि शब्द त्याच दिवशी लिहा. रंग आठवड्यानं भरला तरी बिघडत नाही, पण वाक्य दुसऱ्या दिवशी लिहिलं की त्यात सारांशाचा सूर शिरतो.

विषयाबद्दल थोडक्यात: काल होतं त्यापेक्षा आज जे वेगळं दिसतंय ते काढा. हललेली खुर्ची, संपत आलेला साबण, एक मोजा कमी. आणि काही वस्तूंकडे पुन्हा पुन्हा या. एकच खिडकी महिन्यातून एकदा, त्याच तासाला, त्याच चौकटीत काढली तर चार-पाच महिन्यांनी ती पानं एकमेकांशी बोलू लागतात. सुट्या नगांच्या वहीत हे कधी होत नाही.

कागदवेडी

बोरूंशी सहमत. मी साहित्याचं बघते, कारण १६० जीएसएमवर वॉटरब्रश वापरताय तिथे लाटा येणारच.

लाटा का येतात ते आधी बघू. कागदातले तंतू ओले झाले की लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. भिजलेला भाग पसरू बघतो, आजूबाजूचा कोरडा भाग त्याला अडवतो, म्हणून मधला कागद वर उचलला जातो. पातळ कागद लगेच हार मानतो. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद पुष्कळ तग धरतो, पण वही जाड होते आणि पानं कमी मिळतात. रोजच्या वहीसाठी २०० ते २५० हा मधला मार्ग मला बरा वाटतो. कागद सुती असेल तर ओल जास्त वेळ धरतो आणि रंग उचलता येतो. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर कडा पटकन बसतात. पेनची रेघ आणि अक्षर जास्त असेल तर हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत कागद घ्या. कोल्ड प्रेसच्या खडबडीवर ०.२ - ०.३ ची टोकं अडखळतात आणि लवकर झिजतात.

तंतूंची दिशाही बघा. वहीतलं एक पान उभं आणि आडवं, दोन्हीकडून हलकंच वाकवा. ज्या बाजूनं सहज वाकतं ती तंतूंना समांतर घडी. ही दिशा शिवणीला समांतर हवी. नसेल तर ओलं पान शिवणीशीच भांडतं आणि वही कधी नीट मिटत नाही.

आहे त्या वहीत उपाय एवढाच: पाणी कमी वापरा, रंगवताना पानाच्या मोकळ्या कडांना क्लिपा लावा, आणि पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंना कोरा कागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. अर्धवट ओलं असताना दाबलंत तर पानं चिकटतील. जलरंगात डिंक असतो, जाड थर तर हाताला कोरडा लागला तरी आत चिकट असू शकतो.

आता विरघळणाऱ्या रेघा. जेलपेन म्हणून सरसकट काही सांगता येत नाही. काहींच्या शाईत रंगकण असतात, काहींच्या शाईत विरघळणारा रंग, आणि हा दुसरा प्रकार पाण्यानं पळतो. पण तुम्ही लिहिलंय की एकाच पेनच्या काही रेघा टिकतात, काही नाही. हे वाळण्याच्या वेळेमुळे होतंय. ज्या कागदाला चांगलं साइझिंग (ओल आत शिरू न देणारी खळ) असतं त्यावर शाई आत न शिरता वर बसून राहते. पातळ रेघ मिनिटभरात वाळते, पण जिथे तुम्ही गिरवलंय किंवा काळा भाग भरलाय तिथे ओल राहते. वहीच्या शेवटच्या पानावर चाचणी करा: एकाच पेननं रेघा मारा, एकीवर एक मिनिटानं, दुसरीवर पाच, तिसरीवर पंधरा मिनिटांनी आणि चौथीवर तासानं ओला ब्रश फिरवा. शेजारी वेळ लिहून ठेवा. नवी वही किंवा नवं पेन आलं की ही चाचणी पुन्हा.

खात्रीचं हवं असेल तर पिगमेंट (म्हणजे रंगकणांच्या) शाईची फाइनलायनर पेनं घ्या. सकुराच्या पिग्मा मायक्रॉनमध्ये ०१ म्हणजे ०.२५ मिमी, ०३ म्हणजे ०.३५ आणि ०५ म्हणजे ०.४५. आकडा म्हणजे थेट मिलिमीटर नव्हे, एवढं लक्षात ठेवा. ए५ साठी चित्राला ०३ आणि अक्षराला ०१ किंवा ०३ पुरतं. फाउंटन पेन आवडत असेल तर त्यासाठीच बनवलेली कार्बन किंवा पिगमेंट शाई भरा, आणि पेन पडून राहू देऊ नका. लाखयुक्त इंडिया इंक फाउंटन पेनात कधीच नको. ती आत वाळून फीड, म्हणजे निबेला शाई पुरवणारा भाग, कायमचा बंद करते. ती बोरूच्या लेखणीसाठी किंवा बुडवून लिहायच्या निबेसाठी.

१२ पॅनपैकी रोज लागतील असे सहा पुरे (कंसात रंगकणाचा सांकेतिक क्रमांक): एक थंड पिवळा (पीवाय१५४ चांगला टिकतो), यलो ऑकर, क्विनॅक्रिडोन गुलाबी (पीव्ही१९), अल्ट्रामरीन (पीबी२९), थॅलो निळा (पीबी१५) आणि बर्न्ट सिएना (पीबीआर७). घरातल्या सावल्यांसाठी अल्ट्रामरीन अधिक बर्न्ट सिएना. निळा वाढवला की थंड राखाडी, तांबडा वाढवला की उबदार. तयार काळा लावल्यावर सावली भोकासारखी दिसते, तसं यात होत नाही. पेटीत पीआर८३ चा अलिझारिन क्रिमसन किंवा चकाकणारा ओपेरा गुलाबी असेल तर तो उजेडात उडतो. वही मिटलेली असताना फारसा फरक पडत नाही, पान चौकटीत लावणार असाल तर पडतो.

वॉटरब्रशचा एक दोष: तो सतत पाणी सोडत असतो. अर्ध्या वाळलेल्या रंगात तो पुन्हा टेकवला की जास्तीचं पाणी रंगकण ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखे डाग पडतात. रंग उचलण्याआधी प्रत्येक वेळी टोक फडक्यावर टिपा. ओलाव्याची चमक गेली की त्या जागी हात लावायचा नाही, पूर्ण वाळेपर्यंत.

रेघोटी

खूप आभार. चाचणी केली, अंदाज खरा ठरला: काळे भरलेले भाग पळत होते, साध्या रेघा नाहीत. छत्रीचं उदाहरण डोक्यातून जात नाहीये.

अजून विचारते. अक्षर उपरं वाटतं त्याचं काय करावं? आधी पेन्सिलनं काढावं की थेट पेननं? हलणारी माणसं वीस मिनिटांत कशी पकडायची? आणि पानांचे फोटो काढून ऑनलाइन टाकले की फिकट रंग उडून जातात.

तिरपी रेघ

अक्षर उपरं वाटतं कारण ते उरलेल्या जागेत लिहिलं जातं. आधी मजकुराची जागा ठरवा. पान उघडल्यावर पहिल्या मिनिटात फिकट पेन्सिलनं दोन आकार टाका, एक चित्राचा, एक मजकुराचा, आणि ते एकमेकांत थोडे घुसू द्या. खुर्चीच्या पाठीला खेटून ओळ संपावी, दोरीखालच्या मोकळ्या जागेत मजकूर बसावा. दोघांत सगळीकडे सारखी पांढरी पट्टी सुटली की मजकूर बाहेरून चिकटवलेला दिसतो. शिवणीकडे मात्र १२ ते १५ मिमी मोकळं ठेवा, तिथे पान वळतं आणि अक्षर गिळलं जातं.

चित्र आणि अक्षर एकाच पेननं, एकाच शाईनं करा. एवढ्यानंच अर्धं काम होतं. अक्षराची रेघ आणि चित्राची रेघ एकाच हाताची दिसायला हवी. सुलेखनाचा वेगळा आव आणला की फट पडते.

देवनागरीचा स्वतःचा एक प्रश्न आहे. प्रत्येक ओळीला शिरोरेघ असते, म्हणजे सहा ओळी लिहिल्या की पानावर सहा आडव्या रेघा ठळक येतात. नाजूक चित्राशेजारी त्या पहिल्या दिसतात. उपाय दोन. एक, शिरोरेघ शब्दागणिक तोडा, ओळभर ओढू नका, आणि ती हलक्या हातानं मारा. दोन, चित्रातल्या छोट्या नोंदी, जसं बाण काढून लिहिलेलं "हा खिळा सैल", शिरोरेघेशिवाय लिहा. घ आणि ध, भ आणि म तेवढे सांभाळा, शिरोरेघ नसली की त्यांची गल्लत होते. ओळींत अंतर भरपूर ठेवा: अक्षराचं अंग ४ मिमी असेल तर ओळ ते ओळ किमान ९ मिमी. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, कमी अंतरात ते एकमेकांवर चढतात. रोमन लिपीच्या हिशोबानं आखलेल्या वह्या इथे अपुऱ्या पडतात.

वीस मिनिटांचा माझा आवडता क्रम: दोन मिनिटं जागा ठरवायला, आठ मिनिटं पेननं चित्र, चार मिनिटं लिखाण, उरलेली रंगाला. लिखाण मध्ये घ्यायचं, कारण तेवढ्यात चित्राची शाई वाळते. काळा भाग भरायचा असेल तर तो रंगानंतर, अगदी शेवटी. रंग सगळीकडे नको. पानाचा तिसरा हिस्सा रंगवला तर नजर तिथे जाते. सगळं रंगवलं तर कुठेच जात नाही.

हलणाऱ्या माणसासाठी एकाच पानावर दोन-तीन अर्धवट रेखाटनं एकदम सुरू करा. माणूस काम करताना त्याच त्याच स्थितीत परत येतो: वाकतो, सरळ होतो, मान वळवतो. ज्या स्थितीत परत आला ते रेखाटन पुढे न्या. अपुरं राहिलेलं खोडू नका, त्यातूनच हालचाल दिसते. रंगाला वेळ नसेल तर रंगांची नावं आकृतीवरच लिहा. फ्रेंच चित्रकार देलाक्रुआनं १८३२ च्या मोरोक्को प्रवासातल्या वह्यांत रेखाटनांच्या अधेमधे रंगांच्या आणि पोशाखांच्या नोंदी अशाच केल्या आहेत. त्या नोंदी पानाचा भाग म्हणून इतक्या देखण्या दिसतात की पुढे रंग भरला तरी नावं खोडाविशी वाटू नयेत.

शाईपुसणं

पेन्सिलबद्दल माझं मत तिरपी रेघ यांच्यापेक्षा थोडं कडक आहे. जागा आखायला पेन्सिल ठीक, वस्तू आखायला नको. पेन्सिलच्या रेघेवरून पेन फिरवताना डोळा वस्तू सोडून त्या रेघेकडे बघतो, आणि सुबक पण निर्जीव रेघ तिथूनच येते. शिवाय ग्रॅफाइटच्या थरावर शाई नीट बसत नाही. खोडरबर फिरवला की रेघ फिकी पडते, शाई ओली असेल तर फासते. आखायचंच असेल तर एचबीनं अगदी पुसट, आणि खोडायचं ते शाई पूर्ण वाळल्यावर पण रंगाच्या आधी. रंगाखाली अडकलेली पेन्सिल सहसा निघत नाही.

थेट पेननं काढताना रेघ चुकली तर तिच्याच शेजारी बरोबर रेघ जरा दाबून काढा आणि पुढे चला. फारच बिघडलं तर त्याच कागदाचा तुकडा फाडून वर चिकटवा. फाडलेली कड कापलेल्या कडेपेक्षा पानात सहज मिसळते. पान मात्र फाडू नका. शिवलेल्या वहीत प्रत्येक पान घडीपलीकडच्या दुसऱ्या पानाशी जोडलेलं असतं, एक फाडलं की दुसरं सुटतं.

तिकीट, पावती, पाकिटाचा तुकडा चिकटवणाऱ्यांसाठी: पातळ गोंदानं कागद आक्रसतो, ग्लू स्टिक वापरा. थर्मल कागदावरची पावती उष्णतेनं आणि उजेडानं कोरी होते, म्हणून तिच्यावरचा मजकूर बाजूला हातानं उतरवून ठेवा. खूप चिकटवलं की वही तोंडाशी फुगते. तेवढ्यासाठी अधूनमधून एखादं कोरं पान कापून काढता येतं, पण शिवणीपासून १ सेंटिमीटरची पट्टी ठेवूनच, म्हणजे जोडीदार पान धरून राहील.

कागदवेडी

फोटोचं राहिलं होतं. फोनमधल्या कागदपत्रं स्कॅन करायच्या ॲपनी चित्रवही कधीच टिपू नका. ती पार्श्वभूमी पांढरी करण्यासाठीच बनवलेली असतात, त्यात फिकट वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, पहिला जातो.

साधा कॅमेरा, खिडकीजवळची सावली (थेट ऊन नको), वही सपाट, फोन पानाला समांतर. थोडं मागे सरून दुप्पट झूम घ्या, म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत. एक्स्पोजर एक-दोन पायऱ्या वर करायचा मोह होतो, तो आवरा. कागद किंचित करडा दिसला तरी चालेल, नंतर उजळता येतो. एकदा उडालेला फिकट पिवळा परत येत नाही.

स्कॅनर असेल तर त्याच आकारात छापायला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), मोठं करायचं असेल तर ६००. "ऑटो" सुधारणा बंद ठेवा. पानामागे काळा कागद घाला, म्हणजे पलीकडचं चित्र झिरपून दिसत नाही. मूळ फाइल टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या फाइलप्रकारात) ठेवा, ऑनलाइन टाकायची प्रत एसआरजीबीमध्ये (पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगपद्धतीत) वेगळी काढा. आणि कागदाचा रंग पूर्ण पांढरा करू नका. कागदाचा पोत आणि शिवणीकडची हलकी सावली राहिली की बघणाऱ्याला ते वहीचं पान आहे हे कळतं.